दिवा मिचकावत नाही

सासऱ्यांच्या लुळ्या, बधिर पायांसाठी गरम गादीचं सर्किट मीच जोडलं होतं. गादी जितकी तापे, तितकी ते वीज कमी करी, तोडून तोडून देई. त्याच तालात लाल दिवा लुकलुके. सासूबाईंना तो डोळ्यांत खुपायचा.

आज त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "सुधारला गं तुझा दिवा! कसा शहाण्यासारखा जळतोय, एकदाही मिचकावला नाही."

म्हणजे वीज तुटतच नव्हती, सगळी सरळ गादीत!

धावत जाऊन प्लग उपटला, पांघरूण भिरकावलं. पोटऱ्या लालभडक झाल्या होत्या. फोड अजून नव्हते.

"मामंजी, हाक तरी मारायची!"

"कशाला? पायांना कुठे काय कळतंय! मला छान वाटत होतं," ते हसले.

मी गार पाण्यात फडकं पिळलं. ते त्यांच्या पोटऱ्यांवर ठेवलं.