भावजींना पटलं

लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी जगाचं बरंच काही ठरायचं. जगाला त्याचा पत्ता नसे, तो भाग वेगळा. खोलीत एक लांब टेबल, बैठक सैल झालेल्या वेताच्या खुर्च्या आणि खालून येणारा इस्त्रीच्या वाफेचा उबदार वास. अर्थशास्त्र मंडळात एके काळी इतकी माणसं होती की उशिरा येणाऱ्याला खिडकीत बसावं लागे. आता टेबलाच्या एकाच टोकाला सगळे मावत. आवाज मात्र तेवढाच राहिला होता. वर खुर्च्या सरकल्या की खाली घडी घातलेल्या चादरींवर चुना पडे, आणि लाँड्रीवाला जिन्यात येऊन ओरडे, "अहो, क्रांती झाली असेल तर सांगा, नसेल तर खुर्च्या उचलून ठेवा!"

मंडळाचा एक नियम होता, दादांनी घातलेला. दादा म्हणजे मंडळाचे संस्थापक, वहिनींचे यजमान आणि भावजींचे थोरले भाऊ. नियम असा, की ज्याचा निबंध त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने तो फाडायचा. "परक्याचं काय जातंय टाळ्या वाजवायला?" दादा म्हणत. "चूक मनापासून शोधायला आपलंच माणूस लागतं." ते होते तोवर वहिनींचे निबंध तेच फाडत. ते गेल्यावर घर वहिनींकडे राहिलं आणि विरोध वारशाने भावजींकडे आला. त्यालाही आता केस पिकण्याइतकी वर्षं झाली होती. मंडळात भावजींना सगळे 'विरोधी पक्ष' म्हणत, आणि भावजींनाही ते मनातून आवडे.

वहिनी आणि भावजी दोघंही अर्थशास्त्राचे प्राध्यापक, दोघंही निवृत्त, दोघंही डावे. जास्त डावं कोण, एवढंच ठरायचं बाकी होतं.

वहिनींचं म्हणणं सरळ होतं. नवं मूल्य जन्मतं ते माणसाच्या श्रमातून. यंत्र बिचारं स्वतःची किंमत तेवढी मालावर उतरवतं आणि झिजून भंगारात जातं. कारखान्यात यंत्रं वाढली, माणसं घटली, की नफ्याचा दर आटतो. मग भांडवल स्वस्त मजूर आणि खाणी शोधत परदेशी निघतं, आणि त्याची पाठराखण करत आरमार. 'नफा आटला की झेंडा घराबाहेर पडतो' हे वहिनींचं वाक्य त्यांच्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना पाठ होतं.

भावजी म्हणत, "झेंड्याला स्वतःचंही डोकं असतं हो वहिनी. सरकारं भीतीपोटी लढतात, मानापानापोटी लढतात, धडधडीत तोटा सोसून लढतात. जगातलं सगळं राजकारण काही नफ्याच्या नळातून येत नाही."

"मग कुठून येतं? तुमच्या डोक्यातून?"

असं सुरळीत चाललं होतं, आणि मध्येच वहिनींच्या हृदयाची एक झडप कुरकुरायला लागली. ती बदलली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण वहिनींचा मुलगा डॉक्टर. तसा दातांचा, पण आईच्या बाबतीत तो सगळ्या अवयवांचा झाला. त्याने काकांना आपल्या दवाखान्यात बोलावलं, आणि ज्या खुर्चीत माणसं तोंड उघडं ठेवून बसतात त्याच खुर्चीत बसवून तोंड बंद ठेवायला सांगितलं.

"काका, आईला वाद नको. ती म्हणेल ते बरोबर."

"सगळंच?"

"सगळंच."

"अरे, पण साम्राज्यवादाच्या बाबतीत ती जे—"

"काका! तोंड बंद."

भावजींनी शब्द दिला. देताना त्यांना वाटलं, आपण एक दात काढून देतोय.

मंडळातल्या बाकीच्यांनाही त्यांनी बजावलं, आणि तेव्हापासून खोलीत अळीमिळी गुपचिळी. दाढी, म्हणजे कामगार संघटनांचे जुने सल्लागार, जे कुणाचं 'आज शनिवार आहे' हेसुद्धा तपासल्याशिवाय मान्य करत नसत, ते आता मान डोलवायला लागले. दशांश चिन्हासाठी जीव देणाऱ्या आकडेबाई वहिनींच्या आकड्यांना 'साधारण बरोबर' म्हणू लागल्या. एका शनिवारी लाँड्रीवाल्याने भावजींना जिन्यात अडवलं आणि हळूच विचारलं, "वर सगळं ठीक आहे ना? किती दिवसांत चुना पडला नाही. कुणी गेलं-बिलं तर नाही?"

"नाही हो," भावजी म्हणाले. आणि ते जिना चढू लागले.

मग तो शनिवार आला. शस्त्रक्रियेनंतर वहिनी पहिल्यांदाच स्वतःचा निबंध वाचणार होत्या. विषय यंत्रयुग आणि येणारी युद्धं. पहिली दोन पानं वहिनींची नेहमीची, धारदार. भावजी निवांत चहा पीत होते. मग वहिनींनी पान तीन उघडलं आणि अगदी शांत आवाजात वाचलं, "आजच्या कारखान्यातली स्वयंचलित यंत्रं स्वतःच नवं मूल्य निर्माण करतात. त्यामुळे नफ्याचा दर यापुढे वाढतच जाईल, आणि महासत्तांना आपसांत झगडायला कारणच उरणार नाही."

भावजींना असा ठसका लागला की चहा नाकातून आला.

हे वहिनी म्हणत होत्या! ज्यांनी ह्याच वाक्यापायी विद्यार्थी नापास केले होते, भावजींच्या ऐन उमेदीतल्या एका लेखावर लाल शाईने 'पहिलीत जाऊन बसा' असं लिहिलं होतं, त्या वहिनी! मुलंबाळं, घरदार, पगार ह्या कशाकशाची पर्वा न करता ज्या एका गोष्टीला त्या जन्मभर धरून राहिल्या, ती त्यांनी जुनी पिशवी ठेवावी तशी टेबलावर ठेवून दिली होती. दाढींनी दाढीचं टोक तोंडात धरलं. आकडेबाई छताच्या पंख्याकडे बघायला लागल्या, जणू त्याची पाती मोजायची होती.

भावजींना शस्त्रक्रिया आठवली. एवढी मोठी भूल दिली होती. उतारवयात भुलीनंतर कुणाकुणाचं डोकं पहिल्यासारखं राहत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. झडप नवी बसली खरी, पण त्या भानगडीत आपल्या वहिनी कुठे राहून गेल्या की काय?

वाचन संपलं. वहिनींनी चष्म्यावरून पाहिलं. "बोला, विरोधी पक्ष."

भावजींची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी. वाद घालावा तर झडपेची भीती. चूक दाखवावी, तर वहिनींना स्वतःचं डोकं चालेनासं झाल्याचं चारचौघांत कळायचं. ते तर त्याहून वाईट.

"पटलं, वहिनी."

"काय पटलं?"

"सगळंच. मुद्देसूद झालंय."

"पान तीनसुद्धा?"

"पान तीन तर..." भावजींनी कप खाली ठेवला, "विशेष."

वहिनींनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली.

"बरं," त्या म्हणाल्या.

भावजींनी तो 'बरं' पूर्वी एकदाच ऐकला होता. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात, दादा गेल्याचं सांगायला डॉक्टर बाहेर आले तेव्हा.

रविवारी सकाळी ते वहिनींकडे निघाले ते मनाशी ठरवूनच. पुतण्याला बाजूला घेऊन सांगायचं, बाबा रे, हृदय राहू दे, डोक्याचं काहीतरी बघ. पण दार वहिनींनीच उघडलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कपाटं रिकामी, आणि जमिनीवर पुस्तकांचे ढीग.

"बरं झालं आलात. उचलायला माणूस हवाच होता," वहिनी म्हणाल्या. "हा ढीग दाढींना. हा आकडेबाईंना, सगळी तक्त्यांची पुस्तकं आहेत, तिला शब्दांचा त्रास होतो. आणि तो खिडकीजवळचा तुमचा."

भावजींच्या ढिगावर सगळ्यात वर दादांचं ते जाडजूड पुस्तक होतं. त्याच्या समासांमध्ये दादांची पेन्सिल आणि वहिनींची लाल शाई संसारभर भांडत आली होती. हे पुस्तक वहिनी कुणाला हाताळायलासुद्धा देत नसत.

"हे काय चाललंय, वहिनी?"

"आवरतेय. मागच्यांना त्रास नको." त्या एका ढिगावर हात टेकून उभ्या राहिल्या. "भावजी, आपण शपथा मानत नाही म्हणून घालत नाही. पण खरं सांगा. डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?"

"कुणाला?"

"तुमच्या मांजराला! मला हो, मला."

"कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच म्हणालात काल. सगळ्यांसमोर." वहिनींचा आवाज खाली आला. "दादांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांचं एकही वाक्य खोडलं नव्हतं. ते काहीबाही बोलायचे, मी म्हणायची, हो, बरोबर. एका दुपारी ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, 'इतकी वेळ आली का गं?' तेव्हापासून मला ठाऊक आहे, आपण कुणाला सगळ्यालाच हो म्हणतो ते. गेले कित्येक शनिवार तुम्ही सगळे माना डोलावताय. म्हटलं, खात्री करून घ्यावी. म्हणून पान तीन लिहिलं. म्हटलं, मी जगणार असेन तर भावजी खुर्चीतून उडतील. आणि तुम्ही म्हणालात, विशेष!"

भावजी मटकन आकडेबाईंच्या ढिगावर बसले.

"म्हणजे ते तुम्ही मुद्दाम..."

"मग? मला खरंच तसं वाटतं, असं वाटलं तुम्हाला?"

भावजी ढिगातलं एक पुस्तक सरळ करू लागले.

"वाटलं?"

"भूल जरा जास्त दिली होती ना... म्हटलं, कदाचित..."

"म्हटलं, म्हातारी खुळावली!"

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो माझ्या," भावजी म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त काढलं. "वहिनी, झडप ठणठणीत आहे तुमची. कुणी काही दिवस-बिवस दिलेले नाहीत. तुमच्या लेकाने मला दातांच्या खुर्चीत बसवून शब्द घेतला, वाद घालायचा नाही म्हणून. एवढंच आहे."

वहिनी हसल्या नाहीत. "हे तुम्ही आज सांगताय. काल ह्याच तोंडाने पान तीन पटलं म्हणालात. आता तुमच्या धीराच्या शब्दावर मी कशी विसंबू?"

ते खरंच होतं. भावजींनी वहिनींच्या हाताकडे पाहिलं. तो अजून ढिगावरच टेकलेला होता. शब्द दिलेला आहे, झडप नवी आहे, पुतण्या आतल्या खोलीत आहे. एकीकडे हे सगळं, आणि दुसरीकडे ही रिकामी कपाटं.

"ठीक आहे," ते उठून म्हणाले. "पान तीन मुद्दाम. मान्य. आणि पान पाच?"

"पान पाचचं काय?"

"तीही चूक तुम्ही मुद्दामच केली असणार, असं मी धरून चाललोय."

"पान पाचवर चूक नाही."

"आहे."

"भावजी!"

"तुम्ही लिहिता, महासत्तांनी एकमेकींच्या मालावर आयातशुल्काच्या भिंती उभारल्या, कारण भांडवलाला त्या हव्या होत्या. कुठल्या भांडवलाला? निम्मे कारखानदार सरकारच्या दारात रडताहेत, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून. जहाजवाले रडताहेत, दुकानदार रडताहेत. तरी भिंत उभीच! भांडवल म्हणजे गुण्यागोविंदाने नांदणारं एकत्र कुटुंब नव्हे, वाटणीवरून डोकी फोडणारे भाऊ आहेत ते, हे मला कुणी शिकवलं? तुम्ही! आणि पान पाचवर सगळ्या भावांना एका बाकावर बसवून मोकळ्या झालात. मग भिंत बांधा म्हणून सांगितलं कुणी? सरकार स्वतःच घाबरलंय, वहिनी. मी जन्मभर सांगतोय, झेंड्याला—"

"काठी असते!" वहिनी कडाडल्या. "डोकं नव्हे, काठी! आणि ती कुणाच्या तरी हातात असते! रडणारे भाऊ बरे दिसले तुम्हाला. भिंतीच्या आतली बाजारपेठ ज्या भावाला आंदण मिळाली, तो रडताना दिसला का कुठे?"

"तो कोण, ते पान पाचवर लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं. ते खरोखरच राहून गेलं होतं, आणि ते राहून गेलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. गाल लाल झाले. टेकलेला हात ढिगावरून सुटला आणि कमरेवर गेला.

"थांबा. दाखवते तुम्हाला," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आवाज ऐकून मुलगा रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन धावत आला. "काका! काय ठरलं होतं आपलं?"

"तू मला सांग," वहिनींनी त्यालाच पकडलं, "मी मरतेय का?"

"काहीतरीच काय, आई! कुणी सांगितलं?"

"काकांना पान तीन पटलं होतं."

"मग त्यात काय झालं?"

वहिनींनी भावजींकडे पाहिलं. भावजींनी वहिनींकडे पाहिलं. एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं तत्काळ एकमत झालं.

"राहू दे, दातांकडे बघ तू," वहिनी म्हणाल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी एक हात पट्टा बांधायला मुलापुढे केला. दुसऱ्या हाताने दादांचं जाड पुस्तक ओढलं आणि मांडीवर घेतलं. "दाब मोज, पण मध्ये बोलू नकोस. भावजी, पानं उलटा. मागे, मागे, आणखी मागे. हं, इथे. वाचा समासातली पेन्सिल. तुमच्या दादांनी हाच फालतू मुद्दा काढला होता, त्याला मी इथे काय उत्तर दिलंय ते मोठ्याने वाचा."

भावजींनी वाचलं. मग दादांच्या बाजूने त्यांना आणखी एक मुद्दा सुचला, तो त्यांनी मांडला. वहिनींनी तो मधेच तोडला. मुलाने पट्टा दोनदा सोडला, दोनदा बांधला, आणि शेवटी यंत्र मिटवून चहा टाकायला आत निघून गेला.

दुपार व्हायला आली तेव्हा भावजी उठले. दाराशी जाताना त्यांची नजर खिडकीजवळच्या ढिगाकडे गेली.

"वहिनी, ही माझी पुस्तकं मग घेऊन जाऊ ना?"

वहिनींनी पान पाचवरून मान वर न करता लाल शाईचं पेन उघडलं.

"हात लावून बघा," त्या म्हणाल्या.