बापटसरांची माफी

स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवली नाही, एवढाच चारुदत्त बापटांवर आरोप होता. पण कॅनडात, बर्नाबीच्या विद्यापीठात पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलेला माणूस वकील कशाला करील? कोर्टात सर स्वतःच उभे राहिले, तेही सत्तावीस स्लाइड्सचे प्रिंटआउट घेऊन. मागच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या पत्नीने, अरुणाताईंनी, तेव्हाच कपाळाला हात लावला.

सहाव्या पानावर न्यायाधीशबाईंनी काहीतरी विचारलं. सर मान वर न करता म्हणाले, "प्लीज, क्वेश्चन्स अ‍ॅट द एंड." बाईंनी समज दिली. सरांनी हातानेच 'बसा' अशी खूण केली. बाई बसलेल्याच होत्या.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बाईंचा पारा चढला. हा कोर्टाचा अवमान आहे. पंधरा मिनिटांत माफी मागा, नाहीतर संध्याकाळपर्यंत कोठडीत बसा, असं त्यांनी ठणकावलं.

"अगं, ती मधेमधे बोलते आणि सॉरी मी म्हणायचं?" बाहेर येऊन सर तणतणले.

"नका म्हणू. मी स्कायट्रेननं घरी जाते," अरुणाताई म्हणाल्या. "बीपीच्या गोळीचं तेवढं कोठडीवरच्या ऑफिसरला सांगून ठेवा."

सर मुकाट्याने आत गेले. घसा खाकरून म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी, युअर ऑनर. आय वॉज राँग."

बाईंनी माफी स्वीकारली, आणि स्टॉप साइनचा दंडही कायम ठेवला.

अरुणाताईंना खरं तर हसू यायला हवं होतं. आलं रडू. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. नागपूरला त्यांची आई वारली तेव्हासुद्धा नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा तोंडावर आहेत, मुलगा लहान आहे, आता जाऊन काय करणार, असं म्हणून सरांनी त्यांना थांबवलं होतं. त्याचा राग अजून गेला नव्हता.

"सुटलो बुवा!" सर गाडीत बसत म्हणाले.

"इतकं सोपं होतं?"

"काय?"

"सॉरी म्हणणं. त्या बाईंना पंधरा मिनिटांत मिळालं. माझी आई जाऊन एकतीस वर्षं झाली."

सरांनी गाडी सुरू केली नाही. इथे शिक्षा करायला कोणी नव्हतं. गप्प राहिले असते तरी घरी गेल्यावर चहा मिळालाच असता.

"तुला जाऊ द्यायला हवं होतं," ते म्हणाले. "चुकलो मी, अरुणा."

अरुणाताईंनी पट्टा लावला आणि खुशाल रडून घेतलं.