गणपती उचलू नका

सेहेचाळिसावं वर्ष लागलं आणि तीन महिने माझी पाळीच आली नाही. माझी आई चव्वेचाळिसाव्या वर्षी बाळंत होताना गेली. उंबऱ्यावर बसून तिचं ओरडणं मी ऐकलेलं. त्यामुळे मला दुसरं काही सुचतच नव्हतं. ऊस खुरपताना एकदम अंग पेटायचं, छाती धडधडायची. म्हटलं, चालले आईच्या वाटेने.

सांगणार कुणाला? घरात सून, बसंती. सासूच पोटुशी म्हटल्यावर साऱ्या सुरिनामात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आमच्या ह्यांना सांगावं, तर तेच घाबरणार आणि धीर मी द्यायचा.

अशात गणपतीचं विसर्जन आलं. घरात बाई पोटुशी असली की गणपती बुडवायचा नाही, ही आमची कोकणातून आलेली रीत. गप्प बसले तर पाप, बोलले तर अब्रू. दारात मंडळी जमली, ढोलकी सुरू झाली, ह्यांनी पाटाला हात घातला, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"गणपती उचलू नका. आज नाही बुडवायचा."

ढोलकी थांबली. सगळ्यांनी बसंतीकडे पाहिलं. ती बिचारी नाही नाही म्हणत मान हलवायला लागली. मग एकेक नजर माझ्यावर आली. ह्यांनी असा काही चेहरा केला, की मला त्यांचा रागच आला. जसं काही मी एकटीनेच केलं!

शेजारची कुंतीकाकी गावची सुईण. तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, पोट चाचपलं. झोप येते का, अंग पेटतं का, उगाच रडू येतं का, सगळं विचारलं. मग तोंडात पदर धरून हसत सुटली.

"पोर नाही गो, हिरा. पाळी जायचं वय झालं तुझं. मीसुद्धा असंच समजून पाच महिने गणपती घरात ठेवला होता. तुझ्या काकाला सांगितलं, समुद्र खवळलाय. शेवटी वादळात छप्पर उडालं आणि पावसानेच विसर्जन केलं."

मी हसले, मग हुंदके देऊन रडले. मरणार नव्हते मी.

काकीने बाहेर जाऊन पाट उचला एवढंच सांगितलं. पण आमच्या खुरपणीच्या बायका काय ते समजल्या. समुद्रावर गणपती पाण्यात गेला आणि माझं अंग पुन्हा पेटलं. काकीचं बोलणं पटलं होतं, तरी छातीत तीच धडधड. मी लुगड्यासकट छातीभर पाण्यात जाऊन उभी राहिले. मागून काकी आली. मग खुरपणीतली विद्यावती, मग पुष्पावती.

"तुलाही?" मी पुष्पावतीला विचारलं.

गेल्या दिवाळीपासून, ती म्हणाली. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं तिने. काठावरून हे ओरडत होते, बाहेर या, गारठाल. आम्हा चौघींना हसू आवरेना. पाण्याखाली पुष्पावतीने माझा हात घट्ट धरला होता.