अंगठ्याएवढा देश

आधीच सांगतो, मी मधेच थांबलो तर कोणी शब्द पुरवायचा नाही. शब्द माझा मला सापडतो, जरा वेळ लागतो एवढंच. ज्याला घाई असेल त्याने खुशाल उठून जावं.

तेवीस वर्षं मी भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारला. सिमेंटचा ओटा, समोर मालाचे ढीग, भोवती शंभरेक व्यापारी आणि मधे मी. माझा आवाज मागच्या फाटकापर्यंत जायचा, तिथला काटेवाला शपथेवर सांगेल. घरीही मी त्याच आवाजात बोलायचो, त्यामुळे शेजारी आमच्याकडे फारसे फिरकत नसत. असा माणूस एका सकाळी दाढी करता करता मटकन खाली बसला, आणि दवाखान्यात जागा झाला तेव्हा त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता. ‘बरोबर.’

डोक्यात सगळं जागच्या जागी होतं बरं का. पाणी हवंय, खिडकी लावा, हा डॉक्टर फार बडबडतो, सगळं. पण तोंड उघडलं की ‘बरोबर’. अजून वाढू का म्हणून विचारलं, मला ‘नको’ म्हणायचंय, बाहेर येतं ‘बरोबर’. दोन महिन्यांत माझं वजन पाच किलोंनी वाढलं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. चित्रं दाखवायच्या, किल्ली, छत्री, बदक. हळूहळू शब्द यायला लागले, पण सुटे सुटे आणि उशिरा. आकड्यांची तर तऱ्हाच वेगळी. एकपासून सुरुवात केली की शंभरापर्यंत बिनदिक्कत जायचो, पण मधलाच एखादा आकडा सांगा म्हटलं की संपलं. सत्तेचाळीस म्हणायला मला एकपासून निघावं लागायचं. असा कुठे लिलाव होतो? व्यापारी घरी जाऊन जेवून येतील.

बाजाराचे सचिव भेटायला आले. माणूस चांगला. त्यांनी सांगितलं की नव्या हंगामाच्या पहिल्या सोमवारी ओट्यावर उभं राहून एक पूर्ण ढीग पुकारून दाखवा. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर फाटकावर गाड्या तपासायचं काम देऊ, खुर्ची देऊ, पंखा देऊ. पंखा म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांगलं खडसावायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर पुन्हा तोच मेला शब्द बाहेर पडला. सचिव खूश होऊन गेले. हाताशी चार महिने होते.

आणि घरात माझे लाड चाललेले. आमची ही माझ्या भुवईवरून ओळखायची की मला काय हवं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायला दिवसभर बाहेर, पण घरी आला की माझी वाक्यं तोच पूर्ण करायचा. मी ‘पा’ म्हणायच्या आत पाणी हजर. प्रेम होतं हो, नाही कोण म्हणतंय? पण त्या प्रेमापायी माझा अख्खा दिवस चार शब्दांत निघायला लागला. खोलीत बसायचं, खिडकीतून बघायचं, भूक लागली की भुवई उडवायची.

शब्द पुरवायची नाही ती एकटी सूनबाई. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. मी अडलो की समोर नुसती उभी राहायची, चहा गार झाला तरी. मला वाटायचं, काय दगडाच्या काळजाची पोरगी आणली आपण घरात.

एका रविवारी दुपारी तिने माहेराहून आणलेला एक खोका टेबलावर उघडला. युद्धाचा खेळ होता. टेबलभर पसरेल एवढा नकाशा, त्यावर देश, समुद्र, डोंगर, आणि लाकडी सैन्यांच्या चार पिशव्या. एका बैठकीत संपणारा खेळ नव्हे, महिनोन्‌महिने चालणारा. उत्तरेचं साम्राज्य तिने स्वतःकडे ठेवलं. मुलाला बेटं आणि आरमार दिलं. हिला पूर्वेचा मोठा देश मिळाला, गहू आणि घोडे. आणि मला काय? या तिघांच्या बरोबर मधोमध एक करड्या रंगाचा ठिपका. अंगठा ठेवला की देश झाकला जायचा. दोन पलटणी, एक राजधानी आणि एक घाट. बस्स.

तिने नियम सांगितले. प्रत्येकाच्या पाळीला तीन मिनिटं. तह करायचा तर तोंडाने बोलूनच करायचा. खूण केली, मान हलवली, बोट दाखवलं तर धरलं जाणार नाही. आणि दुसऱ्याला शब्द पुरवला, तर पुरवणाऱ्याची पाळी जाईल. पहिल्या रविवारी हिच्या तीन पाळ्या गेल्या. चौथ्यांदा हिने पदराचा बोळा तोंडात धरला.

मला बोलता आलं नाही, आणि तिसऱ्याच पाळीला सूनबाईने माझी राजधानी घेतली. दुसरा कोणी असता तर सासरा आजारी आहे म्हणून जरा हात आखडता घेतला असता. सूनबाईने नाही. पुढच्या रविवारी माझा देश तेवढा पुन्हा मांडला, पुन्हा घेतली. मग मुलाने. सहा रविवारांत माझा देश सात वेळा बुडाला. मी रागाने जेवायला बसत नसे. पण सोमवारपासून मनात एकच विषय, की येत्या रविवारी काय बोलायचं. आरशासमोर उभा राहून मी ‘तह’ म्हणायला शिकलो. मग ‘सैन्य मागे घे’. मग ‘विचार कर’.

सातव्या रविवारी माझ्या टाळक्यात उजेड पडला. या तिघांनाही एकमेकांवर जायचं तर वाट माझ्या घाटातून. म्हणजे माल एक आणि गिऱ्हाईकं तीन. अरे, मग मी इतके दिवस करतोय काय? जन्मभर मी दुसऱ्याचा माल विकला, आणि आता स्वतःचा घाट घेऊन मुका बसलोय!

मी उभा राहिलो. बसून मला कधी पुकारताच आलं नाही. मुलाकडे वळून म्हणालो, घाट. तुला. एक वर्ष. तू काय देतोस? तो म्हणाला, दोन जहाजं. मी हिच्याकडे वळलो. दोन आली, दोन, तू? ही म्हणाली, चार घोडदळं, आणि लगेच तोंडावर हात ठेवला, पाळी जाते की काय म्हणून. चार आली! चारावर कोण? सूनबाई खुर्चीच्या कडेवर आलेली मी पाहिली. त्या दिवशी माझा देश बुडाला नाही.

तिथून पुढे वाक्यं लांबत गेली. सूनबाई घाटासाठी मुद्दाम वेडेवाकडे आकडे सांगायची, एकोणतीस पोती, अडुसष्ट पोती, आणि मला ते पुन्हा म्हणून दाखवावे लागायचे, एकपासून न निघता. अडायचो, घामाघूम व्हायचो, ती घड्याळ बघत बसायची. घरातले दोघं मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलेले. आणि आकडा यायचा.

ओट्यावरच्या त्या सोमवाराच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, मी खोक्याच्या तळातलं नियमांचं पुस्तक काढलं. वाचणंही सावकाशच परत येत होतं, म्हणून तोवर त्याच्या वाटेला गेलो नव्हतो. एकेका ओळीवर बोट ठेवत माझ्या देशाच्या पानावर आलो. तिथे लिहिलं होतं, या देशाला सुरुवातीला चार किल्ले मिळतात, आणि पहिल्या पाच पाळ्या त्याच्यावर कोणी हल्ला करू शकत नाही.

चार किल्ले! मी पिशवी उलटी केली. किल्ल्याचा मागमूस नाही.

सूनबाई कामावरून येऊन चप्पल काढत होती, तेवढ्यात मी तिला गाठलं. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला फसवावं का? आजारी माणसाचे किल्ले चोरताना लाज कशी वाटली नाही? सात वेळा माझं राज्य खाल्लंस, वर चहा पाजलास! असं बरंच. ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थबकली. सूनबाई एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशी सगळं ऐकून घेत होती. माझा दम संपला तेव्हा ती बोलली.

“बाबा, किल्ले असते तर तुम्ही त्यांच्याआड बसून राहिला असतात. जसे खोलीत बसून राहत होतात. तोंड उघडायची गरजच पडली नसती.”

मग पर्समधून कवळ्या ठेवायची एक छोटी प्लास्टिकची डबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत चार लाकडी किल्ले होते. इतके दिवस ती ते घेऊन हिंडत होती.

“हवे तर उद्या मांडा,” ती म्हणाली. “पण परवा ओट्यावर एकही नसणार आहे.”

मी डबीचं झाकण लावलं. हीच मागून पुटपुटली, अहो, एवढं बोललात तुम्ही, आणि रडायला लागली. तेव्हा कुठे मला कळलं की मी मघापासून एकदाही अडलो नव्हतो. रविवारी किल्ले मी मांडले नाहीत.

सोमवारी टोमॅटोचा ढीग होता. ओट्याच्या चार पायऱ्या कठडा धरून चढलो, खोटं कशाला सांगू? सचिव एका कोपऱ्यात उभे. मी सुरू केलं. आवाज पूर्वीसारखा नव्हता, काटेवाल्यापर्यंत गेला नसेल, पण निघाला. दहा किलोला पन्नास, एकावन्न, पंचावन्न, साठ. बोली चढत गेली. मग समोरच्या एका पोक्त व्यापाऱ्याने सांगितलं त्र्याहत्तर, आणि माझ्या तोंडात काहीच नाही. कोरं. त्या बिचाऱ्याने माझी दया येऊन तोच आकडा हळूच पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, पण मी हात वर करून त्याला थांबवलं. शंभर माणसं माझ्याकडे बघत उभी. मला आमचं टेबल आठवलं, आणि समोर घड्याळ घेऊन बसलेली ती पोरगी, कितीही वेळ लागला तरी जागची न हलणारी. त्र्याहत्तर, मी म्हणालो. त्र्याहत्तर आले, वर कोण?

ढीग ब्याऐंशीला सुटला. सचिव जवळ आले आणि म्हणाले, उद्या वेळेवर या.

आता राहिलं एकच. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. कोणी मानलेच तर समोरचा विचारतो, बरं वाटत नाहीये का? आठवडाभर मी संधी शोधत होतो. कधी ती घाईत, कधी घरात माणसं, कधी माझाच धीर होईना. बघता बघता रविवार आला.

खेळ ऐन रंगात होता. तिची तीन सैन्यं माझ्या सीमेवर येऊन ठेपली होती. हिचे घोडे वाचवायला तयार होते, मुलाची जहाजंही. मी फक्त तह बोलायचा होता, मग तिची काय टाप होती पाऊल टाकायची! पाळी माझी होती, मिनिटं तीन.

मी उभा राहिलो आणि तिच्याकडे वळलो.

“सूनबाई,” मी म्हणालो, “सगळ्यांनी मला सांभाळलं. तू माझ्याशी लढलीस. मी बरा होईन असं या घरात तुला एकटीलाच वाटत होतं, मलासुद्धा वाटत नव्हतं. मी तुला मनात काय काय म्हणालो ते सांगायची सोय नाही. माझी वाचा तू परत आणलीस. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि हे मी सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगतोय.”

मधे दोनदा अडलो. कोणी शब्द पुरवला नाही. शेवटचं वाक्य पूर्ण झालं आणि वेळ संपली. तहाचा एक शब्दही मी बोललो नव्हतो. मुलगा डोक्याला हात लावून म्हणाला, बाबा, अहो राज्य! ही सूनबाईला म्हणाली, जाऊ दे गं, आजच्या दिवस सोड त्यांना.

सूनबाई खाली मान घालून बसली होती. मग तिने उलट्या हाताने डोळे पुसले, आणि त्याच हाताने माझी राजधानी घेतली.