बॉनेटवरचं वलय

बोरी गावात उन्हं वर आली की सत्यशीलाच्या अंगणात माणसं मावत नसत. तिचा नवरा आदिनाथ हार्ट अटॅकनं गेला आणि त्याची रुपेरी मेटॅलिक रंगाची गाडी अंगणात तशीच उभी राहिली. गर्दी त्या गाडीभोवतीच असायची. बॉनेटवर पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक, चकचकीत रेघांचं गोल वलय दिसायचं. माणूस जिकडं सरकेल तिकडं तेही सरकायचं.

"माझ्या मागं मागं यायलंय की!" शेजारचा लिंबाजी हात जोडून म्हणाला. "आदिनाथ बघायलाय मला."

"बघणारच!" योगीराजबुवा गरजले. "धातूचा रंग, आत्म्याचं अंग! मेटॅलिकच्या कणाकणात चैतन्य! साध्या रंगाच्या गाडीत आत्मा उतरत नसतो, मंडळी!"

बुवा तेराव्याला आले ते राहिलेच. रोज सकाळी त्यांचे चेले बॉनेटवर विभूती टाकत आणि कोरड्या फडक्यानं गोल गोल चोळत. वलय दिवसेंदिवस ठळक होत चाललं होतं.

सत्यशीला गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. वलय तिलाही दिसत होतं. त्याचं तिला नवल वाटलं नाही, की बुवांचा रागही आला नाही. नवरा गेल्यापासून तिला काही वाटायचंच बंद झालं होतं. आल्यागेल्याला चहा द्यायचा, कप विसळायचे, संपलं.

मग एका दुपारी सासूच्या, छबूबाईंच्या, उशाखाली तिला बीपीच्या गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या.

"आई, गोळ्या घेत नाही तुम्ही?"

"बुवा म्हणले, औषधाच्या वासानं आदिनाथ निघून जाईल." गाडीजवळ उन्हात बसून बसून छबूबाईंचा चेहरा रापला होता. "एकदा गेलं लेकरू. आता न्हाई जाऊ देत मी."

तेव्हाही सत्यशीलाला रडू आलं नाही. तिनं पर्स घेतली आणि परभणीची एसटी धरली.

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात धम्मदीप नावाच्या दुकानदारानं वॅक्सचा डबा पुढं केला. "हे लावा मॅडम, ओरखडे दिसणार न्हाईत."

"निघतील, की नुसते झाकले जातील?"

"वॅक्सनं झाकतेत."

"मग त्यानं भागणार नाही. मला ते काढायचेत."

मेटॅलिक रंगावर पारदर्शक थर असतो आणि असे ओरखडे त्या थरात असतात, घासायच्या खरखरीत कंपाउंडनं नवेच पडतील, असं सांगून त्यानं बारीक पॉलिश, फोमचा मऊ पॅड आणि तो फिरवणारं मशीन काढून दिलं. वॅक्सही दिलं, पण शेवटचा हात मारायला.

दुसऱ्या दिवशी सत्यशीलानं सगळ्यांसमोर बॉनेट धुतलं, मधोमध चिकटपट्टी लावली आणि उजव्या बाजूवर मशीन चालवलं.

"पाप! आत्म्याला मशीन लावतीस?" बुवा ओरडले.

"आत्म्याला मशीननं काय होतंय, महाराज?"

कुणीतरी फिसकन हसलं.

तिनं पट्टी काढली. लिंबाजी डावीकडून उजवीकडं चालत गेला. वलय त्याच्यासोबत बॉनेटच्या मध्यापर्यंत आलं आणि तिथंच संपलं. पुढं स्वच्छ सूर्य, आरशात दिसावा तसा. मग तिनं घरातून राखेनं घासलेलं स्टीलचं ताट आणून त्याच्या हातात दिलं.

"आयला, ह्यात बी वलय हाय की!"

"ओरखडे आहेत ते, लिंबाजीभाऊ. ताटावर राखेनं, बॉनेटवर विभूतीनं चोळून पडलेले. त्यातले जे ऊन आपल्या डोळ्यांकडं फेकतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल दिसतं. आपण सरकलो की दुसरे चमकतात. म्हणून प्रत्येकाला वाटतं, माझ्याकडंच बघायलाय."

"आत्मा रुसला!" बुवा पुटपुटले. चेले सामान आवरायला लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

"मग त्यो हितं न्हाई?" छबूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"कुटंच न्हाई?"

हे सत्यशीलानं आजवर तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. "कुठंच नाही. गेले ते." आवाज कोरडाच निघाला.

मग ती लोकांकडं वळली. "वलय तुम्हाला दिसलं, मलाही दिसलं. पण ते का दिसतंय, हे विचारायचं आपण सगळेच विसरलो. मी तर शिकवते, तरी गप्प बसले. एवढं करा, हात जोडायच्या आधी कारण विचारा. आणि कुणीही सांगितलं तरी औषध सोडू नका."

छबूबाईंनी पाणी मागितलं. सत्यशीलानं गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग तिनं डावी बाजू घेतली. मशीनखाली वलय हळूहळू विरत गेलं, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला रडू आलं. तिनं मशीन थांबवलं नाही.