कांडपाची गाडी

उन्हाळाभर पुष्पांजली आणि वंदना गाडीतच राहायच्या. वंदनाच्या नवऱ्याची ती जुनी व्हॅन होती. तो वारल्यावर वंदना ती चालवायला शिकली. मागच्या भागात दोघींनी मिळून घेतलेली मिरची कांडायची मशीन होती आणि तिच्या बाजूला गोधड्या अंथरण्यापुरती जागा. चिखली तालुक्यातल्या गावांत फिरायचं, देवळाजवळ गाडी लावायची. बायका वाळलेल्या मिरच्या घेऊन यायच्या.

या जगण्यात ठरलेलं असं काही नसे. एखाद्या गावात चांगलं काम मिळेल म्हणून थांबावं, तर नेमकी तिथं मयत होई आणि गाव बंद राही. मशीनचा पट्टा तुटला की दिवस झाडाखाली जाई. आंघोळ दुसऱ्याच्या न्हाणीत. पहिल्या वर्षी पुष्पांजलीला रडू येई. मग तिला जमत गेलं. गावात शिरलं की आधी पाणी कुठं आहे ते बघायचं, एखाद्या म्हाताऱ्या बाईशी ओळख काढायची, ओली लुगडी गाडीच्या दारांवर वाळवायची. नवऱ्यानं सोडल्यापासून भावाच्या घरी ती पाहुणीसारखी राहत होती. इथं मात्र आपलंही काही आहे असं तिला वाटे.

"मले गाडी शिकव नं वं," ती अधूनमधून म्हणायची.

"मी हाय ना," वंदना म्हणायची.

यंदा हंगाम संपत आला तेव्हा त्या उंद्रीत सुभद्राबाईंच्या अंगणात थांबल्या होत्या. दरवर्षीचीच जागा. पुष्पांजली पाणी भरायला गेली, तर सुभद्राबाईंनी विचारलं, "पुढच्या साली आमी मिरची कोठी कांडायची वं? वंदना तं नांदुऱ्यात दुकान टाकून राह्यली म्हणे."

पुष्पांजली बादली तिथंच ठेवून परत आली. वंदना मशीन पुसत होती.

"खरं हाय का?"

वंदनाचा हात थांबला नाही. "भावानं गाळा पाह्यला. मशीन तेथी बसवायची हाय. लय फिरणं झालं, पुष्पा. मले आता एक दार पायजे, आतून लावता येईल असं."

"कव्हा ठरलं?"

"दिवाळीत."

म्हणजे सगळा उन्हाळा वंदनाला हे माहीत होतं. पुढच्या वर्षी लोणारकडं, सुलतानपूरला जाऊ, अशा गप्पा दोघींनी याच गाडीत पडल्या पडल्या मारल्या होत्या. कुणाच्या अंगणात गाडी लावायची हेसुद्धा वंदनानंच सुचवलं होतं.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू या हंगामाले आली नसती."

पुष्पांजली सुभद्राबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. वंदना म्हणाली, "गाडी तू ठेव. मले नाही लागत."

"अन् चालवणार कोण?"

वंदनानं फडकं पिळून गाडीच्या दारावर वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. मशीन खोलून टेम्पोत चढवली. वंदनानं स्वतःची गोधडी घडी करून काखेत घेतली, ओट्याजवळ येऊन उभी राहिली. पुष्पांजली तोंड फिरवून बसली होती. टेम्पो गेल्याचा आवाज तिनं ऐकला, पण वळून पाहिलं नाही.

सुभद्राबाईंची सून अर्पिता ट्रॅक्टर चालवायची. तिनंच रिकाम्या वावरात पुष्पांजलीला गाडी शिकवली. पहिल्या दिवशी गाडी सारखी बंद पडली. थोड्याच दिवसांत ती बांधाच्या कडेकडेनं नीट जाऊ लागली, आणि त्या दिवशी पुष्पांजली स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.

"काय झालं वं?" अर्पितानं विचारलं.

"एवढंच होतं वं हे," ती म्हणाली. "एवढंच होतं."

पुढच्या उन्हाळ्यात तिनं गाडीत शेवयांची जुनी मशीन बसवली आणि एकटीच निघाली. सुलतानपूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला वंदना उभी दिसली. लग्नाला आली होती, एसटी चुकली होती. पुष्पांजलीनं गाडी थांबवली.

वंदना चढून शेजारी बसली.

"चांगली चालवतं तू," वंदना म्हणाली.

"हाव."

"राग गेला का वं?"

"नाही."

वंदना खिडकीबाहेर बघू लागली. "दुकानात करमत नाही मले. तू येशील का तेथी? दोघी मिळून करू."

"नाही."

स्टँड आलं. वंदना उतरली आणि दार धरून उभी राहिली. पुष्पांजलीनं हात लांबवून ते आतून ओढून घेतलं. एसटी येईपर्यंत ती थांबली नाही. पुढच्या गावात बायका पीठ भिजवून तिची वाट बघत होत्या.