वाट्या, कड्या आणि उखादादाची जीप

ललितचं नंदुरबारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चिमटा, भिंग, तार जोडायची डागणी ही त्याची रोजची हत्यारं. दुकानाच्या काचेच्या कपाटात विकायला ठेवलेल्या कव्हरांच्या वरच्या फळीवर त्याच्या स्वतःच्या गाड्या असतात. एक अँबॅसिडर, एक निळा ट्रॅक्टर, एक दूधवाल्याचा टेम्पो, सगळ्या तळहातावर मावतील एवढ्या. सांगाडा तो प्लास्टिकच्या पत्र्याचा कापतो, पण गाडीला गाडीपण येतं ते बायकोच्या डब्यांमुळे.

त्याची बायको भाविका घरी खोटे दागिने बनवते. तिच्या डब्यांत कड्या, पिना, खडे, साखळ्या, घुंगरं, मण्यांवर बसवायच्या टोप्या, सगळं वेगवेगळ्या खणांत असतं. एकदा अँबॅसिडरला मागचे लाल दिवे मिळेनात म्हणून ललितने तिचे दोन लाल खडे उचलले. ते असे चपखल बसले की तेव्हापासून त्याची नजरच फिरली. कानातली बाळी दिसली की त्याला स्टीअरिंग दिसायचं. डोकं असलेली पिन आणि तिच्या टोकाला काळा मणी म्हणजे गिअरचा दांडा. भाविका म्हणायची, "लगीनमां लोके नवरीले देखतस, तुमी तिना कानले."

रनाळ्याचे धुडकूआबा मोबाइलचा आवाज गेला म्हणून दुकानात आले आणि कपाटापुढे खिळून उभे राहिले. साठीकडे झुकलेला कापूस-मक्याचा शेतकरी, डोक्याला रुमाल. मोबाइल राहिला बाजूला.

"जीप बनाडता यी का?" त्यांनी विचारलं.

"यी ना आबा. कोनती?"

"मन्हा दादानी. उखादादानी."

उखादादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, जीपवर रनाळे ते नंदुरबार सवाऱ्या आणायचे. त्यांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. वर्षश्राद्धाला फोटोशेजारी त्यांची जीप ठेवायची, असं धुडकूआबांच्या मनात होतं. त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला. जीपचं फक्त तोंड, दोन गोल दिवे, बॉनेटवर झेंडूची माळ आणि माळेशेजारी कोपर टेकवून हसणारे उखादादा. फोटो इतका उडाला होता की सगळंच तांबूस झालं होतं. पाटीवरचा शेवटचा आकडा तेवढा दिसत होता, सात.

"रंग कोनता व्हता?"

"हिरवा. मेंदीनामायक. मांगे दोन बाक आनि टपवर लोखंडनं कॅरिअर. गाठोडा बांधानं."

ललितने काम सुरू केलं. पितळी तार डागून कॅरिअर केलं. चाकांच्या नटांसाठी पिनांची डोकी छाटली. बाजूच्या आरशांना आरशाचे गोल कुंदन लावले. अडलं ते पुढच्या दिव्यांपाशी. फोटोतले दिवे चांगले खोलगट होते, बशीसारखे. टोप्या उथळ पडत होत्या. डबे चाळता चाळता त्याच्या हाताला पितळी वाट्या लागल्या, आत खोल, काठ चकचकीत. एकेक गोल खडा आत बसवला तर हुबेहूब दिवा.

"त्या मंगळसूत्रन्या वाट्या शेत," भाविका मागून म्हणाली.

"माहीत शे. मापच बराबर शे ना."

"मानूस वारेल शे ना त्यासना? त्यानी बायको देखी ते?"

ललितने फोटोकडे पाहिलं, वाट्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "रंग देल्यावर कोनले समजी?" पण रंग द्यायचा झाला तेव्हा त्या पितळेवर हात चालेना. दिवे तसेच ठेवले.

खरा गोंधळ दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. उखादादांची मुलगी ममता खांडबाऱ्याला दिलेली आहे. काकांकडून तिला कळलं, तिने ललितला फोन करून बनत आलेल्या जीपचा फोटो मागवला आणि पाहताच पुन्हा फोन केला.

"दादा, हाई बापूनी जीप नही."

"नही कशी?"

"बापूनी पांढरी व्हती. टप कापडना व्हता, कॅरिअर कोठून यी? मांगे साखळी व्हती, ती लायेल ऱ्हाये. मी शाळात जाऊ ना, तवय त्या साखळीले धरीसन बसू. माले आज बी हातमां ती साखळी लागस."

मुलगी आपल्या हाताची आठवण सांगत होती. तिला खोटं कसं म्हणायचं? ललितने कॅरिअर काढलं, रंग पांढरा केला, कापडाचा टप शिवला, मागे भाविकाच्या डब्यातली बारीक साखळी लावली. मग धुडकूआबांना फोन केला.

"साखळी?" आबा ओरडले. "त्या पोरले काय समजस! टप लोखंडना व्हता. मी सोता वर बसीसन मिरचीना पोता लयेल शेत!"

आबांचं बूड त्या टपावर बसलं होतं आणि ममताचा हात त्या साखळीला लागला होता. ललितने कपाळाला हात लावला. आता फोटोच पंच. त्याने तो भिंगाखाली धरला. काचेमागे कापड दिसतं की पत्रा, एवढंच पाहायचं होतं. काचेमागे काहीच नव्हतं. कापड नाही, पत्रा नाही, नुसतं आभाळ. फोटोतली जीप उघडी होती. आबांना पाटीचा आकडा विचारला, तर ते छातीठोकपणे म्हणाले, "शेवटला चार."

"माले काही समजी नही ऱ्हायनं," तो भाविकाला म्हणाला. "एक मानूस, एक जीप, आनि जीपा तीन."

"मंग जी घरमां ऱ्हाये तिले इचारा," भाविका म्हणाली. "त्यानी बायकोले कोनी इचारं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. ललितलाही सुचलं नव्हतं.

बुटाच्या खोक्यात कापूस घालून त्याने जीप ठेवली आणि मोटारसायकलवर रनाळ्याला गेला. धुडकूआबा शेतात गेले होते. ओट्यावर शांतीबाई, उखादादांच्या पत्नी, सुपात तूर पाखडत होत्या. उंच, काटक बाई. ललितने आपण कोण ते सांगितलं, तशा त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि खोकं उघडलं.

जीप त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. चाक फिरवून पाहिलं. मग बोट दिव्यावर थांबलं.

"या वाट्या शेत ना?"

ललितने घाईने हात पुढे केला. "हाव मावशी. चुकनं मन्हं. आत्तेच काढी टाकस."

"ऱ्हाऊ दे." त्यांनी पदराच्या टोकाने एक वाटी पुसली. "ते बी दिवा असाच चकचकीत ठेयेत. आंगनमां बसीसन राखुंडी लायेत. मी म्हनू, भांडा घासाले बी बसा ना."

त्या हसल्या, म्हणून ललितला धीर आला. त्याने सगळं सांगितलं. आबांचं कॅरिअर, ममताची साखळी, फोटोतलं आभाळ, चार आणि सात. "मावशी, आते तुमीच सांगा. कोनती खरी?"

शांतीबाईंनी जीप ओट्यावर ठेवली.

"तीन्ही खऱ्या," त्या म्हणाल्या. "आनि त्यासनी एक बी नही."

"म्हंजे?"

"म्हंजे जीप त्यासनी नव्हतीच. नंदुरबारना एक सेठन्या जीपा व्हत्यात. ते डायवर व्हतात. कवय हिरवी देये, कवय पांढरी, कवय उघडी. सेठ भला मानूस, म्हने रातले घरच लयी जा. रोज दारमां जीप उभी. मंग लोके काय समजतीन?"

"आनि आबा?"

"धुडकूना लगीननी बोलनी चालू व्हती. नवरीना बाप आठे उना, दारमां जीप देखी. इचारं, जीप कोनी? यासना तोंडमांथून निघी गयं, मन्ही. लगीन जमी गयं. मंग ते बोलनं मांगे कसं ल्याव्हानं? धुडकू तवय नेनता, पोरसवदा व्हता, त्याले बी तेच सांगं. मंग ममता व्हयनी, ती बी तेच ऐकत मोठी व्हयनी."

ज्या गाडीसाठी तो महिनाभर साखळ्या काढत-घालत होता, ती गाडीच नव्हती. "आबासले सांगू का?" त्याने विचारलं.

"नको रे बापा. तो दादाले देव मानस."

"मंग मी बनाडू कोनती?"

शांतीबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण हात चालले नाहीत. "ते म्हनेत," त्या खालीच बघत म्हणाल्या, "मन्ही सोतानी व्हती ना, तर पोपटी रंग देतू. कवळ्या मकाईना पानसारखा. आनि मांगे घुंगरा बांधतू. गाडी उनी की शांतीले घरमांच समजी." त्यांनी जीप त्याच्याकडे सरकवली. "तशी बनाड."

घरी येऊन ललितने जीप पुन्हा मोडली. कॅरिअरही नाही, साखळीही नाही. पोपटी रंग त्याने एकदा घासून काढला, कारण पहिल्यांदा तो पोपटाचा झाला होता, मक्याचा नाही. भाविकाने पैंजणाला लावायची सगळ्यात बारीक घुंगरं निवडून दिली आणि ललितने ती तारेत ओवून मागच्या पट्टीला बांधली. जीप सरकवली की मुंगीने पैंजण घातल्यासारखा आवाज यायचा. काम करताना त्याच्या मनात एकच येई: आबांनी सांगितली होती हिरवी. पोपटी पाहून ते विचारणार. तेव्हा मी कोणाकडे बघू?

वर्षश्राद्धाच्या दिवशी अंगणात मांडव होता. भाऊबंद जमले होते, ममता खांडबाऱ्याहून आली होती. धुडकूआबांनी सगळ्यांसमोर खोकं उघडलं आणि जीप बाहेर काढली. घुंगरं किणकिणली. आबांचा चेहरा कोरा झाला.

"हाई काय शे?"

"पोपटी?" ममता पुढे आली. "काका, बापूनी तर पांढरी..."

ललितने शांतीबाईंना शोधलं. त्या चुलीजवळून हात पुसत आल्या, जीप आबांच्या हातातून घेतली आणि फोटोच्या शेजारी ठेवली.

"हाईच शे त्यासनी जीप," त्या म्हणाल्या. "हाईच व्हती."

ममता आईकडे, मग काकांकडे बघत राहिली. एवढ्यात मागून एक म्हातारे बाबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी वाकून बघितलं. "हाव तं," ते म्हणाले, "मी बसेल शे ना हिनामां! दवाखानामां लयी गयथा माले उखा. रस्ताभर घुंगरा वाजेत."

ललितने थक्क होऊन त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा अजिबात खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे ती गाडी खरोखरच उभी होती.

मग दुसरा म्हणाला की पोपटी होती खरी, पण थोडेच दिवस. तिसऱ्याला तो रंग कुठे दिला तेही आठवलं. ममता खाली बसली, मागच्या पट्टीला बोट लावून घुंगरं हलवली. "असंच कायतरी वाजे," ती हळूच म्हणाली. "माले वाटे, साखळी वाजस."

धुडकूआबांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला. "शेवटला पोपटी करेल व्हती," ते जाहीर केल्यासारखं म्हणाले. "बराबर शे. मीच भुली गयतू."

पंगत बसली. शांतीबाई जाणूनबुजून बोलल्या होत्या, हे ललितला माहीत होतं. पण बाकीचे? जेवण झाल्यावर आबांनी त्याला गोठ्याकडे नेलं. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"वहिनीनी सांगं तुले पोपटी कराले?"

ललितने होकारार्थी मान हलवली. त्याशिवाय दुसरं काय करणार होता?

"सेठन्या व्हत्यात त्या जीपा," आबा म्हणाले. "हिरवी बी, पांढरी बी."

"आबा! तुमले माहीत शे?"

"लगीननंतर सासरानीच सांगं माले. त्यासले पहिलेपासून ठाऊक व्हतं." आबांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "पन दादा जवय म्हने 'मन्ही जीप', तवय त्याना तोंडवर जे यी ना, ते माले मोडनं नव्हतं. वहिनीले सांगजो नको. तिले वाटस, माले माहीत नही."

"मंग माले हिरवी काबरं सांगी?"

"ती मन्ही आवडती व्हती," आबा म्हणाले आणि पाहुण्यांना पान द्यायला निघून गेले.

ललित तिथेच उभा राहिला. आत शांतीबाई कोणाला तरी वाढत होत्या. त्यांना वाटत होतं की आबांना माहीत नाही. आबांना वाटत होतं की त्यांचं माहीत असणं वहिनीला माहीत नाही. ममताचं काय, तो म्हातारा कुठल्या गाडीत बसला होता, आणि आबांच्या सासऱ्यालाच आधीपासून ठाऊक होतं तर उखादादा आयुष्यभर नेमके कोणाशी खोटं बोलले? त्याने दोनदा हिशेब लावून पाहिला आणि दोन्ही वेळा तो निराळा आला.

संध्याकाळी घरी पोचला तेव्हा भाविका मण्यांना तार ओवत होती.

"आवडनी का त्यासले?"

"आवडनी. भलतीच."

"मंग तोंड असं काबरं?"

ललित तिच्यासमोर बसला. "देख," तो म्हणाला, "ती जीप ना, नव्हतीच."

"कोनती? हिरवी?"

"नही. पोपटी." त्याने डोकं खाजवलं. "म्हंजे हिरवी बी. पन पोपटी तर बठ्ठा लोकसनी देखेल शे."

भाविकाने तार खाली ठेवली. "पहिलेपासून सांगा," ती म्हणाली.

ललितने तोंड उघडलं आणि पहिलं म्हणजे कुठून, तेच त्याला कळेना.